डाव्या हातातला दांडा

विजेच्या मनोऱ्याचा लोखंडी सांगाडा दोराला टांगून वैमानिक घारीने हेलिकॉप्टर वर उचललं आणि ते उड्याच मारू लागलं. वर, खाली, वर, खाली. दातांवर दात आपटायला लागले. हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा डाव्या हातातला दांडा आवळून ती सावरायला गेली तसं ते जास्तच पिसाळलं. शेवटी तिने दोर सोडून दिला. खाली मोकळं रान होतं म्हणून निभावलं. सांगाड्याचा चुरा झाला, पण माणूस कुणी दगावलं नाही.

घार हे तळावरच्या लोकांनी कौतुकाने ठेवलेलं नाव. आता तेच लोक नजर चुकवू लागले. मुख्य वैमानिकांनी, म्हणजे मोठ्या सरांनी, तिचं उड्डाण बंद केलं.

"तुझ्या डाव्या हातातला दांडा वरखाली होत होता. यंत्रात नोंद आहे. घाबरलीस तू."

"हात हलला, सर. मी हलवला नाही."

"मग काय भुताने हलवला?"

घरी नवरा म्हणाला, "जाऊ दे ना. ऑफिसातलं काम घे. निदान आम्हाला झोप तरी लागेल."

"घेईन. पण हा ठपका कपाळावर घेऊन नाही."

तिची वर्गमैत्रीण कंपनांच्या प्रयोगशाळेत इंजिनिअर होती. घारीने तिचा पिच्छाच पुरवला. तिथल्या हादरणाऱ्या खुर्चीला तसाच दांडा बसवून घेतला आणि मोठ्या सरांना गळ घातली, "तुम्हीच बसा. तुमच्या हातावर कुणी शंका घेणार नाही."

सर बसले. दांडा स्थिर धरायचा, एवढंच काम. खुर्ची हादरू लागली.

"धरलाय की घट्ट!" सर म्हणाले.

इंजिनिअरने पडदा त्यांच्याकडे वळवला. दांड्याची रेघ थयथय नाचत होती.

"खुर्ची अंगाला हलवते, अंग हाताला, हात दांड्याला," ती म्हणाली. "हवेत असता, तर दांड्याने हेलिकॉप्टर आणखी हलवलं असतं. त्यात टांगलेल्या वजनाची भर. जितकं घट्ट धराल, तितकं वाढतं."

सरांचा चेहरा उतरला. "परत लाव," ते म्हणाले. पुन्हा पुन्हा बसले. पकड सैल केली की रेघ निवायची.

"चुकलो मी," उठताना ते घारीला म्हणाले. "सगळ्यांसमोर सांगेन."

"सांगा. पण आधी दांड्याचं बघू."

हेलिकॉप्टरमधला दांडा सहज हलू नये म्हणून त्याची चाल जड केली, कोपराखाली टेकू बसवला. मग घार नवा सांगाडा घेऊन उडाली, शेजारी सर. वाटेत तीच थरथर सुरू झाली. सगळं अंग ओरडत होतं, घट्ट धर. तिने बोटं सैल सोडली. थरथर हळूहळू विरली.

सांगाडा जागेवर टेकला. खालच्या माणसांनी बोल्ट आवळले, आणि ती पुढचा आणायला वळली.