न आलेलं कुलूप

कुंकवाचा ठिपका नेमका कॅमेऱ्याच्या बारीक भोकावर लागला होता — खंडेनवमीला ऑफिसातल्या नव्या कॉम्प्युटरांची पूजा झाली तेव्हा कोणीतरी भक्तिभावाने बोट टेकवलं असणार, कुठे टेकवतो आहोत हे बघायचं कशाला! मार्तंडने तो नखाने खरवडला, तसा तो आणखीच पसरला... असू दे. या ऑफिसात तसंही बघता कोणाला येतं?

हिंगण्याच्या या कारखान्यात कॉम्प्युटर बिघडला की त्याला बोलावतात, आणि बिघडलेला असतो तो माणूस, असं त्याचं ठाम मत. आज सकाळपासून एकच रड — ब्राउझरच्या कोपऱ्यातली ती चिमुकली चिन्हं, ती एक्स्टेन्शनं, नव्या मशीनवर आलीच नाहीत. येतील कशी, पाय आहेत त्यांना? अरे, ती तुमच्या खात्याला बांधलेली असतात, डब्याला नाही. खात्यात शिरा, सिंक चालू करा — चिन्हं, उघडलेल्या पानांची जुनी यादी, सगळं येतं मुकाट्याने. पण अकाउंट्सच्या कौशल्याताईंनी तर कहर केला. स्टोअरमध्ये टाकलेला जुना मॉनिटर उचलून आणला आणि नव्या कॉम्प्युटरला जोडून घेतला.

"काहून वो मार्तंडभाऊ, माह्यं मराठी टायपिंगचं चिन्ह याच्यावरच होतं न? मंग दिसून काहून नाही राहिलं?"

"आरसा उचलून आणला म्हणजे त्यातलं तोंडबी संग येते का, ताई?"

त्या खळखळून हसल्या. त्याला ते हसणंही आवडलं नाही. पासवर्डसाठी त्यांनी मुलीला फोन लावला, मग चिन्ह आलं, आणि बाईंनी चक्क टाळी वाजवली — "आलं वो बापा!" एवढ्याशा चिन्हासाठी! कीव करावी, तर तेवढीही लायकी नाही या लोकांची.

"तुमचं नाही गेलं का काही?" त्यांनी विचारलं.

"आपलं काय जाते!" म्हणत तो आपल्या जागेवर आला.

गेलं होतं. जुन्या कॉम्प्युटरवर त्याने स्वतःच्या हाताने एक एक्स्टेन्शन लावलं होतं, एकच पान बंद ठेवणारं. पूर्वीच्या बायकोचं, अपेक्षाचं पान. घटस्फोटानंतर ती प्रतापनगरात केक करून विकते, फोटो टाकते. फोटोत कधी तिचं मनगट, कधी ओट्यावर ठेवलेला कोणा पुरुषाचा चष्मा... त्या चष्म्यासाठी हा दिवसातून कितीदा तरी — थू! जगाला अक्कल शिकवणारा शहाणा, आणि स्वतःच्या बोटांवर भरवसा नाही म्हणून कुलूप लावून बसलेला. बरं, कुलूप लावूनही रोज जायचाच. तिच्या नावाचं पहिलं अक्षर मारलं की ब्राउझर बाकीचं नाव आपणहून पुरं करायचा आणि पाटी यायची — हे पान तुम्हीच बंद केलं आहे. पाटी वाचायची, परत कामाला लागायचं. दिवस निघायचा त्याच्यावर.

आता कुलूप नाही. दोन टिचक्या मारल्या की येईल, सकाळपासून सगळ्यांना तेच तर करून दिलं. मग स्वतःचं काहून नाही करून राहिला गा, मार्तंड? कारण मला उघडं दार पाहिजे होतं. बस, सांगून टाकलं.

त्याने पहिलं अक्षर मारलं.

खाली आलं — अमरावतीचं हवामान.

त्याने खोडलं, पुन्हा मारलं. अमरावतीचं हवामान. या यंत्राला ती माहीतच नव्हती... सिंक चालू केलं तर ती परत येईल, कुलपासकट. नाही केलं तर कुलूप नाही आणि तीही नाही. पुढची अक्षरं आपली आपणच मारायची. त्याचं बोट दुसऱ्या अक्षराच्या कळीवर अडलं. कोर्टात सही करताना अडलं नव्हतं, तेव्हा तर तो वकिलाच्या मराठीला हसला होता.

पलीकडे कौशल्याताई भराभर काहीतरी टाइप करत होत्या, अधूनमधून कोपऱ्यातल्या चिन्हाकडे बघून खूश होत होत्या. मघाची ती टाळी... त्या बाईचा त्याला हेवा वाटला, इतका की स्वतःचीच लाज वाटावी. बोट कळीवर तसंच राहिलं. दोन वर्षं झाली तिला जाऊन, आणि ती गेली हे त्याला आत्ता कळत होतं.