हीनाच्या कानाशी

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे, तळहातावर मावेल एवढी. माझ्या टोकाला मऊ रबरी बोंडी आहे. कुठल्याशा पांढऱ्याशुभ्र कारखान्यात माझी जुळणी झाली. बारामतीच्या एका प्रसूतिगृहात आले आणि वर्षभर खोक्यातच पडून होते. मग सुकन्या सिस्टर आल्या आणि त्यांनी मला हातात घेतलं.

माझं काम स्वप्नासारखं आहे. झोपलेल्या बाळाच्या कानात मी हलकी किणकिण सोडते आणि थांबते. कानाच्या आत इवलासा शंख असतो. तो धडधाकट असला, तर माझा आवाज ऐकून स्वतःचा एक बारीक आवाज परत पाठवतो. आईलाही ऐकू न येणारा तो आवाज फक्त मला कळतो.

जवळच्या अंथुर्णे गावातल्या मेहरीनची मुलगी हीना दोन दिवसांची होती. मी किणकिण सोडली. थांबले. दुसऱ्या कानाशीही थांबले. आतून काहीच आलं नाही.

"पंधरा दिवसांनी परत आणा," सिस्टर म्हणाल्या. पण कोणी आलं नाही. फोनही उचलला नाही. अठराव्या दिवशी सिस्टरांनी मला पिशवीत घातलं आणि स्कूटरवरून अंथुर्णं गाठलं.

मेहरीनचे सासरे राजमहंमद अंगणात बसले होते. "ताई, पोरगीला ऐकू येतंय. ताट पडलं की दचकती ती."

"चाचा, ती खाली निजलेली असते. फरशीचा दणका तिच्या अंगाला कळतो. मला एकदा बघू द्या."

मी पुन्हा ऐकलं. पुन्हा तीच शांतता.

"काही बाळांना पोटात असतानाच एका विषाणूची लागण होते, त्यानं कान जाऊ शकतात," सिस्टर म्हणाल्या. "लाळ तपासली की कळतं. पण एकवीस दिवसांच्या आत घ्यायला पाहिजे. नंतर लागण जन्माआधीची की नंतरची, तेच सांगता येत न्हाय."

चाचा उठून नातीजवळ आले. मग म्हणाले, "घ्या."

पण हीना नुकतीच दूध प्यायली होती. लाळेत दूध नको, म्हणून तासभर थांबायचं ठरलं. लिंबाची सावली उंबऱ्यावर सरकत होती. हीना झोपेत ओठ हलवत होती. मग सिस्टरांनी कापसाची काडी तिच्या गालाच्या आतून अलगद फिरवली.

काही दिवसांनी तपासणीचा अहवाल आला. विषाणू सापडला.

"माझ्यामुळं झालं का?" मेहरीननं विचारलं.

"न्हाय गं. साध्या सर्दीसारखा येतो, कळतसुद्धा न्हाय. तुझा काय दोष?"

मोठ्या तपासणीत दोन्ही कानांना बरंच कमी ऐकू येतं, असं निघालं. डॉक्टरांनी सहा महिन्यांचं औषध सुरू केलं. गेलेलं ऐकणं त्यानं परत येणार नव्हतं. उरलेलं टिकावं, एवढीच आशा होती. त्या दिवसांत मेहरीन लेकीशी बोलेनाशी झाली. नुसती थोपटायची.

हीना चौथ्या महिन्यात असताना तिच्या कानांना छोटी श्रवणयंत्रं बसवली. ती मांडीवर दूध पीत होती. मी शेजारच्या टेबलावर होते.

"बोल आता तिच्याशी," सिस्टर म्हणाल्या.

मेहरीन गोंधळली. "काय बोलू?"

"काहीबी."

ती लेकीवर वाकली. शेवटी ती म्हणाली, "हीना, मी तुझी अम्मी हाय."

हीनाचं दूध पिणं थांबलं. ओठ तसेच राहिले. डोळे मोठे झाले आणि आईच्या तोंडावर खिळले.

मेहरीन रडत बोलतच राहिली.

मित्रांनो, आता माझी बॅटरी लवकर उतरते. मी किती दिवस असेन, ठाऊक नाही. तुमच्या घरी बाळ आलं, तर त्याचे कान पहिल्या काही दिवसांतच तपासून घ्या. परत बोलावलं, तर वेळेवर जा. आणि बाळ ऐको न ऐको, त्याच्याशी बोलणं थांबवू नका.