शाइस्ताबाईंच्या पिकदाणीत कुणी पाहिलं नाही

मित्रांनो, मी पिकदाणी आहे. मुरडलीत नाकं? मुरडा. मला सवय आहे. पान खाणाऱ्यानं जिच्यात थुंकायचं, ती मी. पितळेची, बसक्या पोटाची, फुलासारख्या पसरट तोंडाची. तुमच्यातल्या पुष्कळांनी असलं भांडं कधी बघितलंही नसेल. म्हणूनच तर गेल्या हिवाळ्यात लोकांनी माझ्यात झेंडूची फुलं खोचली आणि एका पुढाऱ्यानं वाकून मला नमस्कार केला. थुंकायच्या भांड्याला! त्या दिवसाचं सांगणारच आहे, पण आधी पहिल्यापासून ऐका.

दौलताबादला किल्ल्याच्या पायथ्याशी शफीकमियां भांडी घडवायचे. एक फुटकी घागर आणि दोन चेपलेले तांबे वितळवून त्यांनी मला घडवलं. आतून पांढरीशुभ्र कलई केली. मला वाटलं, आपल्यात गुलाबपाणी ठेवतील. पहिल्याच दिवशी एका पाहुण्यानं तंबाखूचा अख्खा तोबरा माझ्यात रिकामा केला. तेव्हा जी शिसारी आली, ती आजतागायत पुरती गेलेली नाही.

शफीकमियांची मुलगी शाइस्ता. भट्टीचा भाता ओढता ओढता ती गायची. बाप हातोडा मारायचा, पोरगी त्या ठोक्यावर सूर धरायची. सोळाव्या वर्षी शहरातल्या एका संगीत नाटक कंपनीनं तिला नेलं. ती सकाळ-संध्याकाळ मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या करायची, म्हणून तिच्या आईनं, अमिनाबीनं, मला तिच्या पेटीत ठेवलं. देताना एक गोष्ट बजावली. पिकदाणी उचलताना झाकण लावायचं, मान वळवायची आणि तशीच मोरीत ओतायची. दुसऱ्याच्या थुंकीत डोकावणं म्हणजे त्याची अब्रू उघडी करणं, असं त्यांच्या घरात मानायचे. हा रिवाज ध्यानात ठेवा. सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

शहरात शाइस्ताची शाइस्ताबाई झाली. राणीच्या भूमिकेत ती उभी राहिली की थिएटरात शिट्ट्या थांबत. नांदेड, बीड, परभणी, लातूर, कुठंही खेळ असो, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरभरून माणसं येत. दोन चित्रपटही तिनं केले. पण पडद्यावरच्या माणसाला टाळ्या ऐकू येत नाहीत, म्हणून ती परत नाटकात आली. खोटं कशाला बोलू, ते दिवस मला आवडायचे. विंगेत स्टुलावर मला जागा होती. पडद्यापलीकडून तिचा पहिला सूर लागला की माझं पितळ आतून थरथरायचं. मग ती आत येई, गुळणी करी, आणि मी पुन्हा भानावर येई.

तिची सगळी उस्तवार आवडाबाई करायची. आवडाबाई पैठणकडची, अंगानं आडवी, तोंडानं फटकळ. पण अमिनाबीचा रिवाज तिनं कधी मोडला नाही. झाकण, मान तिकडं, मोरी. वीस वर्षं.

एव्हाना बाईंना पानाची सवय लागली होती. दिवसाला आठ-दहा पानं. माझ्यात कायम लाल. कलई कधीच झिजून गेली होती आणि हिरवट पितळावर तो लाल चिखल बघून माझा मलाच वीट आला होता.

अशात एका वर्षी रमजान आला. ईदेला घर चकचकीत हवं म्हणून आवडाबाईनं मला कलईवाल्याकडं नेलं. मी आतून पुन्हा दुधासारखी पांढरी झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई खोकल्या, माझ्यात थुंकल्या. आवडाबाईनं झाकण हातात घेतलं, पण नवी कलई कशी दिसते ते बघायचा मोह तिला आवरला नाही. तिनं आत बघितलं आणि झाकण हातातच राहिलं.

"बाई, आज रोजा हाय ना तुमचा?"

"है ना. क्यूं?"

"सकाळधरनं पान न्हाई खाल्लं. मंग ह्ये लाल कशाचं?"

बाई रागावल्या. "देखा क्यूं तूने? शरम नाय वाटली?"

"शरम गेली चुलीत! रगत हाय ह्ये, बाई. कवापासनं?"

बाईंना सांगता येईना. त्यांनी तरी कुठं कधी बघितलं होतं? पानाच्या लालीत सगळं खपून गेलं होतं. मला मात्र ठाऊक होतं, मित्रांनो. रक्ताची चव वेगळी असते, पितळाला ती झोंबते. पाच महिने मी ते पोटात घेत होते. पण भांड्याला तोंड असून बोलता येत नाही.

आवडाबाई तशीच मला घेऊन कंपनीच्या मालकाकडं गेली. सोमनाथशेठ तेव्हा पस्तिशीचा होता. वडिलांमागं नुकतीच कंपनी त्याच्या हाती आली होती. त्यानं नाकाला रुमाल लावला आणि लांबूनच बघितलं.

"गाणाऱ्यांचा घसा आहे, आवडाबाई. थोडंफार होतंच."

"थोडं? तुमच्या घशातनं येऊ द्या येवढं, मंग इचारते!"

तो बाईंकडं वळला. आवाज तुपासारखा मऊ. "बाई, ईदेनंतर दौरा ठरलाय. तुम्ही बसलात तर सखीचं काम करणाऱ्या मंजुषाला राणी करावी लागेल. लोकांना एकदा तिची सवय झाली की... तुम्हीच बघा. मी म्हणतो, राणीनं रंगमंचावर पान खाल्लं तर काय बिघडलं? गाता गाता थुंकायला पिकदाणी ठेवू. लाल दिसलं तरी लोकांना पानच वाटेल."

मित्रांनो, मी आयुष्यात नाही नाही ते पोटात घेतलं. पण त्या माणसाच्या तोंडून निघालेलं ते बोलणं सगळ्यांत घाण होतं.

त्याहून वाईट म्हणजे बाई हो म्हणाल्या. मंजुषाचं नाव ऐकलं आणि हो म्हणाल्या. आवडाबाई रडली, भांडली, दोन दिवस जेवली नाही. बाईंनी तिला सांगितलं, "एवढा दौरा होऊ दे. मग डॉक्टर." आणि मला, विंगेतल्या पिकदाणीला, त्यांनी उचलून उजेडात नेऊन ठेवलं. राणीच्या सिंहासनाशेजारी.

लोक वेडे झाले. गाण्याच्या मध्येच राणी मान वळवायची, पदर किंचित ओठांपुढं धरायची, माझ्यात थुंकायची आणि पुढची तान घ्यायची. काय ती अदा, काय तो ठसका! एका वर्तमानपत्रवाल्यानं तर तिच्यावर अर्धं पान लिहिलं. कॉलेजातल्या पोरी आरशासमोर तसं थुंकून बघायच्या म्हणे. पहिल्या रांगेतले पांढरे कपडेवाले "वा, वा" करायचे तेव्हा माझ्या पोटात काय पडलेलं असायचं ते मीच जाणे. मला त्या टाळ्यांची किळस यायची. माझी मलाही यायची. इतकी वर्षं मी निदान घाण धरणारं भांडं होते. आता मी लबाडीवरचं झाकण झाले होते.

एक दौरा संपला, दुसरा लागला. चौदा महिने गेले. मग एका तालमीत बाईंनी वरचा षड्ज लावला आणि नुसती हवा बाहेर आली. घशात गाठ होती. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून शाइस्ताबाई कुजबुजतात. त्यांचं बोलणं ऐकायचं तर कान जवळ न्यावा लागतो. मंजुषा राणी झाली. तिनंही पान खाल्लं, कारण लोकांना आता राणीची तीच अदा हवी होती.

मी उस्मानपुऱ्यातल्या बाईंच्या घरात माळ्यावर गेले. आवडाबाई वारली. माझ्यात गंजके खिळे पडले, संपलेले सेल पडले, एकदा पालीनं अंडी घातली. असो. त्याचं दुःख नाही.

गेल्या हिवाळ्यात सोमनाथशेठ घरी आला. आता त्याचे केस पांढरे, हातात काठी. बाईंचा सन्मान सोहळा करायचा होता, तेच नाटक नव्या मुलीला घेऊन. दुपारी एक खेळ, संध्याकाळी एक. "बाई, ती पिकदाणी द्या. खरी वस्तू असली की लोकांना बरं वाटतं."

बाईंनी मला आधी कलई करून आणली. घाणेरडं भांडं दुसऱ्याच्या हाती देऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

सोहळ्यात कार्यकर्त्यांनी मला फुलदाणी समजून झेंडू भरला. पुढाऱ्यानं हळद-कुंकू वाहिलं, हात जोडले. बाईंनी पदर तोंडाला लावला. हसल्या की काय, कुणास ठाऊक.

दुपारच्या खेळाच्या मध्यंतरात मला मेकअपच्या खोलीत नेलं. पुढच्या अंकात राणीचा पानाचा प्रसंग होता. राणी झालेली मुलगी श्रेया, पुंडलिकनगरची, जेमतेम बावीस वर्षांची, खुर्चीत घसा धरून बसली होती. सोमनाथशेठ तिच्यापुढं पानाचा विडा धरून उभा. बाई दारात आल्या.

श्रेया उठली, पाया पडली. "बाई, आवाज नीट लागला नाही ना? सॉरी." तिचा आवाज खरवडल्यासारखा येत होता.

"किती दिवस?" बाई कुजबुजल्या.

"वीस-बावीस दिवस झाले. हे काका म्हणतात पान खा, घसा सुटतो. तुम्हीसुद्धा अशाच गायचात म्हणे."

बाई सोमनाथशेठकडं बघत राहिल्या. मग त्या आल्या, मला उचललं आणि सगळा झेंडू फरशीवर उपडा केला. मला श्रेयाच्या हनुवटीखाली धरलं.

"खाकर. थुंक."

"बाई, तुमच्या वस्तूत? अहो, पूजा केलीय हिची..."

"ती थुंकायचीच आहे, पोरी. थुंक."

पोरगी लाजत थुंकली. आणि शाइस्ताबाईंनी जन्मभराचा रिवाज मोडला. मान वळवली नाही. चष्मा लावला, खिडकीच्या उजेडात मला तिरकं केलं आणि आत बघितलं. माझे सगळे प्राण त्या पांढऱ्या कलईवर गोळा झाले होते.

घट्ट पिवळट कफ. लाल नव्हतं. एक धागाही नाही.

"अल्ला का शुक्र," बाई म्हणाल्या. मग त्यांनी श्रेयाचा कान स्वतःजवळ ओढला, पण मला सगळं ऐकू आलं. "मी रंगमंचावर घसा सुटावा म्हणून पान नव्हते खात. रक्त दिसू नये म्हणून खात होते. ह्याला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं."

"बाई, आता हे कशाला उकरता?" सोमनाथशेठ म्हणाला. "बाहेर लोक बसलेत. श्रेया, चल, घंटा झाली."

श्रेयानं त्याच्या हातातला विडा घेतला. क्षणभर मला वाटलं, ही पण खाणार. तिनं तो जसाच्या तसा, लवंग टोचलेला, माझ्यात टाकला.

"काका, मी उद्या डॉक्टरकडं जाते. आज नाही गात. संध्याकाळीही नाही."

पडदा उघडला तेव्हा रंगमंचावर शाइस्ताबाई उभ्या होत्या, काखेत मी. त्यांनी माइक ओठांना टेकवला. "पोरीचा घसा दुखतोय. नाटक इथंच संपलं. घरी जा."

मागून एक जण ओरडला, "ओ बाई, आम्ही दौलताबादहून आलोय!"

"मैं भी वहींकीच हूं," बाई म्हणाल्या. "तू बी जा."

आधी कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. काही चिडले, खुर्च्या आपटत गेले. पण टाळ्या झाल्या नाहीत. मला फार बरं वाटलं.

त्या संध्याकाळी श्रेयानं मला नळाखाली धरून स्वतः धुतलं. झाकण न लावता, मान न वळवता, आत बोटं घालून. मित्रांनो, साठ वर्षं मला थुंकीची किळस आली, पण त्या पोरीच्या कफाची आली नाही.

बाईंनी मला तिलाच देऊन टाकलं, आता मी तिच्याकडं असते. रोज सकाळी ती गुळणी करते आणि आत वाकून बघते. तुमच्याही घरात कुणी खोकत असेल, हसून "काही नाही" म्हणत असेल. लाज वाटली तरी, शिसारी आली तरी, त्याच्या भांड्यात एकदा बघा. आणि कलई झिजू देऊ नका.