चौकटीवरची पट्टी

दिवाळी तोंडावर आली, की हर्सूलच्या त्या घरात चुन्याचा वास भरून राही. भिजत घातलेली चुनकळी रात्रभर फसफसून निवलेली असे. वच्छलाबाई सकाळी ती फडक्यातून गाळत, चिमूटभर नीळ घालत आणि डिंकाचं पाणी कालवून बादली फकिरापुढे ठेवत. फकिरा रंगारी शिडी खांद्यावर घेऊन माजघरापासून सुरुवात करी. आजही तसंच चाललं होतं.

"दाराच्या वरची दगडी पट्टी तेवढी सोड रे," वच्छलाबाईंनी आतून सांगितलं. "ती घरधन्याच्या हातची. आमच्या मामंजींपासूनची रीत हाय."

"ठाऊक हाय की, वैनी. दरसाल सोडतो. मालकानं माझा धंदाच शिकून घेतला म्हणा."

अंगणात दाढी करत बसलेल्या बद्रीनाथनं वस्तरा खाली ठेवला. एरवी या थट्टेवर तो हसला असता.

काल दुपारी एक बाई दारात आल्या होत्या. खुर्शीदबी, हैदराबादच्या. शहरात, शहागंजात मावसबहिणीकडे उतरलेल्या. आपण या गावात जन्मलो, ते घर एकदा डोळ्यांनी पाहावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांनी अंगणातला हौद पाहिला, लिंब पाहिला, नि मग चौकटीच्या वर कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

"हमारे दरवाजे पर अब्बा का नाम खोदेला था," त्या अखेर म्हणाल्या. "ये वो घर नहीं है शायद. है क्या, भाईसाब?"

बद्रीनाथनं त्यांना ओळखलं होतं. हौदाच्या काठावर बसून पाय हलवणारी दाऊदमियाँची ती पोर. तरी तो म्हणाला, "इधर के घर सब एकसरीखेच हैं."

त्यांनी त्रास दिल्याबद्दल माफी मागितली आणि त्या गेल्या. ती माफी रात्रभर त्याच्या उशाशी बसून होती.

निजामाचं राज्य गेलं, त्या पोलीस ॲक्शननंतरच्या घबराटीत दाऊदमियाँनी घराची किल्ली शेजारच्या त्रिंबकरावांच्या, म्हणजे बद्रीनाथच्या वडिलांच्या, हाती दिली होती. "परिस्थिती निवळेपर्यंत सांभाळा," एवढंच बोलले. ते परतले नाहीत, हैदराबादलाच वारले. घर त्रिंबकरावांच्या नावावर चढलं. त्या दिवाळीत त्यांनी पट्टीवर चुन्याचा पहिला जाड थर दिला, तेव्हा शिडीखाली बादली धरून जवान बद्रीनाथच उभा होता. गवंड्यांना, रंगाऱ्यांना पट्टीला हात लावू द्यायचा नाही, हे तेव्हा ठरलं. पुढे त्याला रीत म्हणू लागले. बद्रीनाथही पाहुण्यांना बिनदिक्कत सांगे, "घर वडिलांनी बांधलं."

त्या बाई घर मागायला आल्या नव्हत्या. आपलं घर उरलं नाही, असं समजून त्या आज दुपारच्या गाडीनं परत निघणार होत्या.

बद्रीनाथ उठला. अर्धी दाढी तशीच राहिली होती.

"फकिरा, शिडी दारापाशी आण. तुझी थापी दे. अन् बादलीभर पाणी."

"चुना हाय की इथं," वच्छलाबाई बाहेर येत म्हणाल्या. "पाणी कशाला?"

"काल ज्या बाई आल्या होत्या ना, हे घर त्यांच्या वडिलांचं. वर त्यांचं नाव हाय. मी खोटं बोललो."

वच्छलाबाईंच्या हातातलं फडकं तसंच निथळत राहिलं. "अन् मी इतकी वर्षं त्याच्यावर हळदकुंकू वाहिलं. मला नाय सांगावंसं वाटलं तुम्हाला?"

बद्रीनाथ शिडी चढला. पाण्यानं मऊ झालेले थर थापीखाली पापुद्र्यांसारखे सुटू लागले. निजामाच्या राज्यात तो उर्दू शाळेत शिकला होता. त्यामुळे नाव जिथून सुरू होतं, त्या उजव्या कडेनं खरवडायला घेतलं. आधी दाल हे अक्षर दिसलं, मग अलिफ. चुना डोळ्यांत गेला, तरी तो थांबला नाही. शेवटचा दाल मोकळा झाल्यावर त्यानं ओल्या पंच्यानं अक्षरं पुसून काढली.

वच्छलाबाई खाली उभ्या होत्या. "तोरणाचा खिळा त्या नावावरच येतो," त्या म्हणाल्या. "यंदा तोरण चौकटीच्या खालच्या अंगाला बांधीन. अन् त्यांना सांगा, जेवून जा म्हणावं."

बद्रीनाथनं उरलेली दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि सायकल काढली. फाटकाबाहेर एकदा वळून पाहिलं. मग शहागंजच्या रस्त्याला लागला.