समोरच्याची बाजू

चौथ्या मजल्यावरच्या रिटायर्ड बाईंनी बिल्डिंगच्या तळघरात पोरांना जुनं तर्कशास्त्र आणि वादविद्या शिकवायला घेतली, तेव्हा आमच्या ठकीला मीच हौसेने धाडलं. म्हटलं, दोन हजार वर्षांपूर्वीच्या विद्वानांचं ज्ञान, तेही घराच्या खाली! शिवाय संध्याकाळची माझ्या पार्लरमधली तिची लुडबुड बंद. मला मेलीला काय ठाऊक, मी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतेय.

महिन्याभरात कार्टी साधं बोलेनाशी झाली, नुसते प्रश्न विचारायला लागली. काल ठकी वर्गाला निघायच्या आधी एक काकू खुर्चीत बसल्या होत्या. मी सवयीने म्हटलं, "बघा, दहा वर्षांनी लहान दिसताय!"

ठकीने वही मिटली. "काकू, दहा वर्षांपूर्वी तुम्ही कशा दिसायचात? आईने तर तुम्हाला तेव्हा पाहिलेलंच नाही. मग तिने कसं ठरवलं?"

काकूंनी आरशात नीट पाहिलं आणि तरातरा उठून चालत्या झाल्या. केस उजवीकडे कानापर्यंत, डावीकडे अजून खांद्यापर्यंत!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातल्या कात्रीसकट मी ठकीला ओढत तळघरात नेलं.

"बाई, हिचं नाव काढून टाका! उद्यापासून ही केस झाडेल माझ्याकडे."

बाईंनी शांतपणे खडू खाली ठेवला. "ठकी, तुला यायचंय ना? मग आईशी वाद घाल. नियम सांग आधी."

"आधी समोरच्याची बाजू मांडायची," ठकी रडवेली होऊन म्हणाली. "अशी, की तो म्हणेल, हो, अगदी हेच. मगच आपली."

"मांड की!" मी कंबरेवर हात ठेवले. अकरा वर्षांची पोर काय मांडणार, कपाळ!

"आई सकाळी आठपासून उभी असते. संध्याकाळी तिचे पाय इतके सुजतात, की चप्पल चढत नाही. ती बायकांना खोटं सांगते, पण त्या घरी हसत जातात. आज मी ते सगळ्यांदेखत उघडं पाडलं. आणि... आणि तिला भीती वाटते, की मी शहाणी झाले की मला तिची लाज वाटेल."

हे शेवटचं मी नवऱ्यालासुद्धा कधी बोलले नव्हते.

"बरोबर आहे?" बाईंनी विचारलं. "हो, अगदी हेच," मी पुटपुटले.

"आता तुम्ही ठकीची बाजू मांडा."

"त्यात काय मोठंसं! हिला इथे यायला आवडतं, कारण..."

कारण? सगळी पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. एरवी मी एकटी चार बायकांना गप्प बसवते. रोज या पोरीची वेणी घालते मी, पण तिला काय हवंय ते एकदाही विचारलं नव्हतं. फार वाईट वाटलं मला.

मी कात्री एप्रनच्या खिशात टाकली आणि पोरांच्या त्या एवढ्याशा बाकावर कशीबशी मावले.

"सरक गं," मी ठकीला म्हटलं. "आणि सांग आता. सावकाश सांग, मला ते मांडायचंय."