जानकीच्या फोनवर येणारी जत्रा

आईच्या कपाटात हिरवी साडी घडीची घडीच राहिली. माहेरच्या देवीची ओटी भरायला घेतलेली. दर वर्षी आई म्हणायची, "पुढल्या वर्षी जाऊ." श्रावणात आईच गेली.

आता अक्षताला ती साडी देवीपर्यंत न्यायची होती. एकटीनं फिरणं तिला नवं नव्हतं. स्पिती, माजुली, सगळं मोबाइलवर बघून केलेलं. दिंडोशीच्या खोलीत बसून तिनं गावच्या जत्रेची तारीख शोधली. तीन ठिकाणी तीन तारखा, चौथ्या ठिकाणी फोटो भलत्याच देवळाचा. त्यातली एक खरी धरून तिनं रजाही टाकली.

मग मुलुंडला द्रौपदी मावशीला फोन लावला. मावशी आईच्याच गावची.

"तारीख खंयची गो?" मावशी हसली. "देवीन कौल दिल्यान नाय अजून. मूर्तीक पाकळी लावून इचारतत, ती उजवी पडली काय दिवस ठरता. तुझ्या त्या मोबाइलाक देवी आधी सांगता काय?"

"मग तुम्हाला कसं कळतं?"

"गावसून कुंदा जानकीक फोन करी. जानकी माका. मी फुडच्यांक." मावशी थांबली. "यंदा माका कोण सांगतला..."

जानकी म्हणजे आई. दर हिवाळ्यात ती फोनवर मोठमोठ्यानं मालवणीत बोलायची. अक्षता तेव्हा कानात हेडफोन घालायची.

तिनं रजा मागे घेतली. आईचा फोन चार्जिंगला लावला, रिचार्ज मारला. सिम अजून जिवंत होतं. ऑफिसात, बसमध्ये, भाजी चिरताना फोन जवळच. आईची एक ओवी राहून राहून ओठांवर यायची:

माहेराची वाट बाई, कुणी कुणा दाखवावी
देवी हाक मारी तेव्हा, पायांनीच ओळखावी

एका दुपारी डबा उघडला आणि फोन वाजला. कुंदा.

"जानकीची लेक मा तू? फोन बंद आसतलो म्हणान भियत भियतच लावलंय. कौल झालो गो बाय! अमावास्येनंतरचो पयलो मंगळवार. फुडे सांग."

अक्षतानं त्याच फोनवरून मुलुंडला लावला. पलीकडे फोन उचलला गेला. स्क्रीनवर आईचं नाव उमटलं असणार.

"जानके?" मावशीचा आवाज एवढासा झाला.

"मी आहे, मावशी. कौल झालाय."



"येतंस मा तू?"

"येतंय," अक्षता म्हणाली. "साडी घेऊन."