माझी वाकडी चाल

मित्रांनो, मी एक जुना ट्रॅक्टर आहे असे म्हटले की तुम्ही मान वर करून पाहाल. जरा खाली पाहा. मी बागेतला ट्रॅक्टर. उंचीने तुमच्या छातीएवढा, वयाने मात्र तुमच्या वडिलांएवढा.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा रंग हिरवागार होता आणि चाल अगदी सरळ. मला एका रोपवाटिकेच्या मालकांनी विकत घेतले. त्यांना सगळे काका म्हणतात आणि त्यांच्या पत्नीला काकू. रोपवाटिका दोघेच सांभाळतात. मागे ट्रॉली जोडून मी माती, खत, कुंड्या असे काय काय वाहिले. खाली पाती लावली की हिरवळही कापली. कुंड्यांच्या रांगांमधली वाट इतकी अरुंद, की माझ्या दोन्ही बाजूंना जेमतेम वीतभर जागा उरते. तरी त्या काळी मी एका कुंडीला धक्का लावला नाही. गिऱ्हाइके कौतुकाने पाहत राहायची आणि मी मनातल्या मनात फुगायचो.

काकांचा माझ्यावर भारी जीव. दरवर्षी ते मला धुऊन, पुसून स्वतःच्या हाताने रंग द्यायचे. बॉनेटपासून पार पोटाखालपर्यंत ब्रश फिरवायचे, एक कोपरा सोडायचे नाहीत. मी नुसता चकाकायचो.

पण हळूहळू माझे स्टिअरिंग सैल झाले. ते बरेच फिरवावे तेव्हा कुठे माझी पुढची चाके वळायची. काकांना त्याची इतकी सवय झाली, की वळण येण्याआधीच त्यांचे हात फिरू लागत. सरळ वाटेवरसुद्धा ते स्टिअरिंग सारखे इकडून तिकडे ओढत बसत. त्यांना वाटे, ट्रॅक्टर असाच चालवायचा असतो. काकू बसल्या की मात्र मी थेट कुंड्यांवर जायचो.

"अगं, तुझा हातच वाकडा आहे," काका हसत म्हणायचे. "हा फक्त माझं ऐकतो."

काकूंचा चेहरा एवढासा व्हायचा. पुढे पुढे त्यांनी माझ्यावर बसणेच सोडले. मला फार वाईट वाटायचे, पण मी बोलणार कसा?

यंदा काकांचा खांदा आखडला. वर्षानुवर्षे मला ओढून ओढून दुसरे काय होणार? खांदा बरा होईपर्यंत ट्रॅक्टरला हात लावायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले. त्या दिवशी काकांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला.

"मला चालवायचा नाही, तुला चालवता येत नाही," ते काकूंना म्हणाले. "मग ठेवून काय करायचं? उद्या भंगारवाल्याला बोलावतो."

माझ्या काळजात धस्स झाले. इंजिन हेच माझे काळीज.

"उद्या नको, पुढच्या आठवड्यात बोलवा," काकू म्हणाल्या. "आधी माझ्या भावाला दाखवू."

काकूंचा भाऊ फिटर. तो हत्यारांची पेटी घेऊन आला. जॅक लावून त्याने मला पुढून उचलले आणि चाक धरून हलवले.

"ताई, हे बघ. दुधाच्या दातासारखं हलतंय!"

त्याने मला खोलले. आतले बुश, म्हणजे दांडे ज्यांत फिरतात त्या धातूच्या कड्या, झिजून लांबट झाले होते आणि चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचे बॉल जॉइंट खिळखिळे. स्टिअरिंगच्या गिअरचे मधले दाते तेवढे झिजले होते, कारण जन्मभर मी बहुतेक सरळच चाललो.

"भावोजी, ग्रीस मारता की नाही कधी?"

"म्हणजे काय! भरपूर मारतो," काका तावातावाने म्हणाले. "बाहेर ओघळेपर्यंत!"

फिटरने ग्रीस आत भरायचे एक बारीक तोंड, म्हणजे निपल, स्क्रू ड्रायव्हरने खरवडले. रंगाचा जाड पापुद्रा निघाला. त्याच्याखाली आणखी एक, त्याच्याखाली आणखी एक. सगळे हिरवे.

"अहो भावोजी, आत जायला वाट कुठे आहे? तुम्ही याला नटवलंत आणि याचं तोंडच लिंपून टाकलंत!"

काकू हसता हसता पालथ्या कुंडीवर बसल्या. काका इतके ओशाळले, की त्यांना कुठे पाहावे ते कळेना.

फिटरने लेथवर नवे बुश कातून आणले, बॉल जॉइंट बदलले. माझ्या जुन्या गिअरला जोड मिळेना, म्हणून मागे पातळ वॉशर घालून दाते एकमेकांना नीट भिडवले. मग निपल बदलून ग्रीस भरले. मित्रांनो, तो गारवा आत उतरला तेव्हाचे सुख काय सांगू!

"पहिली फेरी माझी," काका म्हणाले. कोण ऐकतो डॉक्टरांचे! दुखरा हात मांडीवर ठेवून ते एका हाताने निघाले. वळण येण्याआधी सवयीने त्यांनी स्टिअरिंग फिरवले. मी तर आता सांगितले की लगेच ऐकणारा. आम्ही दोघे सरळ गुलाबांत! कुंड्या फुटल्या, माती उडाली.

"उतरा," काकू म्हणाल्या.

त्या बसल्या. त्यांनी स्टिअरिंग हलकेच धरले आणि मी निघालो. ती अरुंद वाट आम्ही शेवटपर्यंत गेलो, वळलो आणि परत आलो. एक पानसुद्धा हलले नाही.

काका बाहीतले काटे काढत उभे होते.

"तुझा हात सरळच होता गं," ते हळूच म्हणाले. "इतकी वर्षं तुला उगाच बोललो."

काकूंचे डोळे भरून आले. "बसा मागे ट्रॉलीत," त्या म्हणाल्या. "भंगारवाल्याला नको म्हणून सांगून येऊ."

यंदा मला रंग देताना काकांनी आधी प्रत्येक निपलवर चिंधी बांधली. मित्रांनो, तुमच्याही वस्तूंचे खुशाल लाड करा, पण आत काय झिजते आहे तेही अधूनमधून बघत जा. आणि कुणाला काही जमत नसेल, तर त्याचा हात वाकडा म्हणण्याआधी माझी आठवण काढा.

काका अजून ट्रॉलीतच बसतात. वळण जवळ आले की त्यांचा बरा हात आपोआप हवेत फिरतो. मी तिकडे लक्ष देत नाही. मी काकूंचे ऐकतो.